पॉलिशचे अकरा हात

मी मोजून काम करणारा माणूस आहे. चहात साखर किती, असं कुणी विचारलं तर मी "दोन चमचे" म्हणत नाही, "नऊ ग्रॅम" म्हणतो! भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हाच ठरवलं होतं की अंदाजानं काही करायचं नाही. म्हणून २००६ च्या हिवाळ्यात मी घरच्या घरी स्पीकर बनवायला घेतले, तेव्हा त्यात काही गडबड होईल ही शक्यता मी धरलीच नव्हती.

कारण होतं माझी आई, इंदूबाई. ती कापूस वेचता वेचता गाणी रचते. आमच्या राळेगाव तालुक्यात वेचणीला गाणाऱ्या बायका पुष्कळ, पण आईनं ओळ धरली की शेजारच्या वावरातल्या बायकांचेही हात थांबतात. यवतमाळ आकाशवाणीनं तिला बोलावून तिची गाणी रेकॉर्ड केली. ती ऐकवणार होते रविवारी संध्याकाळी पाच वाजता, पंधरा मिनिटं. एकदाच!

आणि आमच्या घरचा रेडिओ कसला? त्याच्या फाटक्या स्पीकरमधून बातम्या देणारा माणूस तोंडात फुटाणे भरून बोलतोय असं वाटायचं.

"आई," मी म्हणालो, "तुझा आवाज असा ऐकवीन की तू समोर बसून गातेस असं लोकांना वाटेल!"

"मी समोरच बसली राहीन ना बावा," आई म्हणाली. पण मनातून हरखली. दुसऱ्या दिवशी तिनं साऱ्या गल्लीला आमंत्रण देऊन टाकलं. आता माघार नव्हती.

मी फुल-रेंज स्पीकर निवडले. म्हणजे ढोलासाठी एक आणि बासरीसाठी दुसरा असली भानगड नाही. चार इंची एकच पडदा, तोच सगळं वाजवतो. मात्र त्याची पेटी अचूक लागते. जाड प्लाय आणला, तीन वेळा मोजला, एकदा कापला. प्रत्येक पेटीला पुढून एक गोल भोक, स्पीकर बसवायला. आणि खाली एक लांबट फट, हवा आत-बाहेर करायला. वीस सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद. ही फट नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याची वाट तिनंच लावली!

पेट्या झाल्या. राहिलं पॉलिश. लाखेचं पॉलिश, चिंधीनं घासून, एकावर एक अकरा हात द्यायचे होते. पण आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. त्याचे तंतू हवेत तरंगत असतात, जेवणात येतात, मिशीत अडकतात. मी पहिला हात संध्याकाळी दिला. सकाळी बघतो तर दोन्ही पेट्यांना पांढरी लव फुटलेली! नुकतीच जन्मलेली दोन वासरं कोपऱ्यात उभी असावीत तसं दृश्य!

बाबा, म्हणजे डोमाजी, दात घासता घासता म्हणाले, "आता याईले चारा टाक."

मी सगळी लव पॉलिशपेपरनं घासून काढली आणि धूळ नसलेली जागा शोधली. गावात अशी एकच होती, ग्रामपंचायतीचा व्हरांडा. फरशी आहे, कठडा आहे आणि कामकाज फारसं नसल्यामुळे धूळ उडत नाही! शिपाई हिरासिंग बाजाराला गेला होता. मी पेट्या बाकावर उलट्या ठेवल्या, म्हणजे फट वर आली. गोल भोकावर पुठ्ठा चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हात लावू नये." शनिवार संध्याकाळपर्यंत अकरावा हात झाला. त्या पेट्यांत तोंड बघून भांग पाडता येत होता! रात्रभर वाळू द्यायच्या, दुपारी उचलायच्या, तीनपर्यंत स्पीकर बसवायचे. वेळापत्रक तयार होतं.

रविवारी दुपारी बारा वाजता मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पोचलो आणि जागच्या जागी थिजलो.

व्हरांड्यापासून पार हापशीपर्यंत रांग होती!

"काय झालं?" मी घाईनं पुढे घुसलो.

"ओ पोट्ट्या! काहून ढकलून राह्यला? लाइनीत ये!" तुळसाबाईनं मला दंड धरून मागे ओढलं. ही आमची शेजारीण. तिच्या हातात घडी केलेला कागद होता.

"मावशी, कसली लाइन?"

"सरकारच्या पेट्या आल्या ना! उद्या पाहणी पथक येऊन राह्यलं. त्याच्या आधी अर्ज टाका लागते."

त्या वर्षी आमच्याकडे पथकांचा सुकाळ होता. कापसाची बोंडं पाहायला आज एक पथक, उद्या दुसरं, परवा पहिल्या पथकानं काय पाहिलं ते पाहायला तिसरं. तिघांनाही अर्ज लागायचे. त्यामुळे गावात प्रत्येकाच्या खिशात पेन नसलं तरी एक अर्ज तयार असायचाच. आणि इथं तर पंचायतीच्या व्हरांड्यात, चकाचक, फट असलेल्या, "हात लावू नये" लिहिलेल्या दोन पेट्या! आणखी काय पुरावा हवा?

"मावशी, त्या माझ्या पेट्या आहेत! त्यात माझे स्पीकर बसवायचेत!"

"तुह्या आहेत, तं तूच लिवलं का हात लावू नये म्हणून?"

"हो!"

"मंग तूच कायले लावून राह्यला हात?"

मी मुकाट्यानं माझ्याच पेट्यांसाठी रांगेत उभा राहिलो!

रांगेत माझ्यापुढे ओळखीची पाठ दिसली. "बाबा! तुम्हीसुद्धा? तुम्ही तर या पेट्या घरी रोज बघितल्यात!"

बाबांनी वळून नीट पाहिलं. "आपल्या घरच्या पेट्या केसाळ होत्या," ते म्हणाले आणि अर्ज टाकायला पुढे सरकले.

पुढे हिरासिंग शिपाई रांग सांभाळत होता. या पेट्या कुठून आल्या हे त्याला ठाऊक नव्हतं. पण सरकारी माणसाला ठाऊक नाही असं म्हणणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. "ही बागायतवाल्यांची, ही कोरडवाहूची!" तो ओरडत होता. "ज्याची विहीर आटली त्यानं दोन्हीत टाका! अगला! अर्ज कुठं आहे तुहा?"

"हिरासिंगभाऊ, अर्ज नाही. मी पेटी न्यायला आलोय."

मी पेटी उचलली मात्र, जो गलका झाला!

"पेटी पळवून राह्यला!" "धरा! धरा!" "माहा ठिबकचा अर्ज आहे त्याच्यात!"

पाचसहा जण पेटीला लोंबकळले. ओलसर पॉलिशवर पन्नासेक बोटांचे ठसे उमटले. गुन्हेगार शोधायचा असता तर सगळं गाव एका दिवसात सापडलं असतं! शेवटी कुणीतरी ग्रामसेवक श्रीकृष्णराव यांना जेवणावरून उठवून आणलं.

श्रीकृष्णराव सावध गृहस्थ. त्यांनी पेट्यांना प्रदक्षिणा घातली. पेट्या सरकारी आहेत म्हणावं तर वरून विचारणा होणार. नाहीत म्हणावं तर शे-सव्वाशे अर्जदार समोर उभे! त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "पेट्या जैसे थे राहतील. सील करा."

"सील?" माझा आवाज चिरकला.

हिरासिंगनं मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी तापवली आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही फटींवर टपाटप लाख पाडली. गरम, लालभडक, ओघळणारी लाख! मीसुद्धा लाखच लावली होती हो, पण चिंधीनं, अकरा वेळा, पाव पाव तास घासून!

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात आई आली. नवं निळं लुगडं, केसांत शेवंती, मागे गल्लीतल्या सगळ्या बायका.

"काय गा धम्मरत्ना? घरी लोकं येऊन बसले. कुठं आहेत तुहे डबे?"

मी सीलकडे बोट दाखवलं. आईनं एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "राहू दे मंग. नाई ऐकलं तं नाई ऐकलं. मले तं येतेच ना गाणं."

हे मात्र मला सहन होईना! आणि त्याच क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप न करता, मला सुचलं.

"साहेब," मी श्रीकृष्णरावांना म्हणालो, "फट सील केलीत. पण या एवढ्या मोठ्या गोल भोकाचं काय? नुसता पुठ्ठा आहे. कुणीही हात घालून अर्ज काढेल."

श्रीकृष्णरावांचा चेहरा पडला. "अरे! हे पंचनाम्यात राहूनच गेलं!"

"माझ्याकडे त्याच मापाची झाकणं आहेत. चार-चार स्क्रूनं आवळून देतो. फक्त ती जरा बोलकी आहेत."

"बोलोत बापडी. पण हात आत घालायचा नाही!"

तशी गरजच नव्हती. वायर मी आधीच भोकाच्या काठाला चिकटवून ठेवली होती. (म्हटलं ना, मोजून काम करणारा माणूस!) आत कापूस भरायचा असतो, आवाज घुमू नये म्हणून. पण आत अर्ज इतके ठासून भरले होते की कापसाला जागाच नव्हती. तुळसाबाई आणि बाबा पंच म्हणून उभे राहिले. मी घरून दोन्ही स्पीकर, रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि भारनियमनासाठी ठेवलेली बॅटरी आणवली, आठ स्क्रूंनी स्पीकर आवळले, वायरी जोडल्या. पाचला दोन मिनिटं कमी!

पाच वाजता, सील केलेल्या, उलट्या, ठशांनी भरलेल्या माझ्या पेट्यांतून एक बाई अगदी समोर उभी राहून गाऊ लागली.

"ओटीत माह्या ढगच ढग, पाऊस गेला कुठं गा..."

हापशीचा दांडा कुणीतरी हवेतच धरून ठेवला.

"व माय!" तुळसाबाई कुजबुजली. "पेटीनं जवाब देल्ला!" मग कान टवकारून, "हे तं इंदू आहे! इंदू, तू इथं, अन् पेटीत कोण व?"

काय सांगू तुम्हाला! बांगडीची किणकिण ऐकू येत होती. श्वास ऐकू येत होता. कापसापेक्षा कागद सरस ठरला होता. एकशे एकोणीस अर्जांनी आवाजातला सगळा घुमारा पिऊन टाकला होता! पुढे मी यावर पुष्कळ प्रयोग केले, पण नुसत्या कोऱ्या कागदांनी तो परिणाम येत नाही.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या! श्रीकृष्णराव रुमालानं डोळे पुसत होते. ही वेळ बरी म्हणून मी विचारलं, "साहेब, आता पेट्या नेऊ?"

"तुमच्या भावना समजतात," ते गहिवरून म्हणाले, "पण रीतसर अर्ज करा."

"कुठं टाकू?"

श्रीकृष्णरावांनी सवयीनं माझ्या डाव्या स्पीकरकडे बोट केलं, सील पाहिलं आणि हळूच बोट खाली घेतलं. (पेट्या मिळाल्या, पण बुधवारी. पथकानं अर्ज काढून नेल्यावर.)

गर्दी पांगली तरी आई बाकासमोरच बसून होती. मी शेजारी जाऊन बसलो. माझी छाती अडीच सेंटिमीटर फुगली असावी. "कसं वाटलं, आई?"

"दुसऱ्या कडव्यात मी बेसूर झाली ना रे?"

"किंचित."

"अन् मधात ठसका आला थो?"

"आला. स्पष्ट आला!" मी अभिमानानं म्हणालो. "याला म्हणतात फुल-रेंज!"

आई उठली, पदर सारखा केला आणि आमचा जुना रेडिओ काखेत घेतला.

"हाच बरा आहे माहा," ती म्हणाली. "खरखर करते, पण घरची गोष्ट घरात ठेवते."