धुतलेला बावटा

बेल्मीरुने बादलीतून बावटा वर काढला आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. सकाळी पाण्यात घातला तेव्हा बावटा लालभडक होता. आता अर्धा गुलाबी झाला होता, अर्धा नारिंगी. विळा-हातोडा मात्र जसाच्या तसा, पिवळाधमक.

गावच्या कम्युनिस्ट शाखेचा हा बावटा मिरवणुकीत पुढे धरण्याचा मान बेल्मीरुचा. मिरवणूक उद्यावर आली होती, पंचवीस एप्रिलची, हुकूमशाही उलथली त्या दिवसाची. गेल्या वर्षी सांडलेल्या वाइनचा डाग काढावा म्हणून त्याने बायकोच्या मोरीतली ब्लीचची बाटली उचलली आणि सगळी बादलीत उपडी केली. विचारायला फेलिझबेला घरी नव्हती, चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. डाग निघाला होता, हे खरं.

वाळला की गडद होईल, अशी स्वतःची समजूत घालून त्याने बावटा अंगणातल्या तारेवर टाकला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचा इलारियु डोकावला. हा सोशालिस्ट, गावचा माजी सरपंच. गुलाबी हा त्याच्या पक्षाचा रंग.

"आलास म्हणायचा आमच्यात," इलारियु म्हणाला.

"ब्लीच जास्त झालं रे."

"आमचंही तसंच झालं. आम्हीसुद्धा आधी लालच होतो. मग जरा जरा धुतले गेलो."

बेल्मीरुने बावटा ओढून पिशवीत कोंबला आणि थेट औषधाचं दुकान गाठलं. काही उपाय असला तर तिथेच असणार. दुकानदार लेओपोल्दीनु, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, सोशल डेमोक्रॅट. या पक्षाच्या नावात सोशल असलं तरी बसतात उजवीकडे, आणि रंग नारिंगी. डॉक्टरांनी चष्मा लावून कापडावरून बोट फिरवलं.

"ही बाजू छान निघालीय. दुसरीही भिजवून टाका."

"डॉक्टर, मला लाल करायचाय."

"त्याला माझ्याकडे औषध नाही."

दुकानातल्या गिऱ्हाइकांनी सगळं पाहिलं. त्यामुळे बेल्मीरु घरी पोचला तेव्हा शाखाप्रमुख कुस्तोदियु दारात उभाच होता, आणि गंमत बघायला मागोमाग इलारियुही आला.

कुस्तोदियुने बावटा टेबलावर पसरला. उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हा घातपात आहे," तो म्हणाला.

"अरे, मीच धुतला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

बेल्मीरुने ब्लीचची रिकामी बाटली पुढे केली.

"कॉम्रेड, आपल्या मतपेटीत संसदेच्या दर निवडणुकीत चर्चवाल्या पक्षाला एक मत निघतं," कुस्तोदियु म्हणाला. "एकच. पाद्री मत देतो दुसऱ्या गावात. डॉक्टर पडले नारिंगी. मग हे मत कुणाचं? इतकी वर्षं मी डोकं खाजवतोय. आज जरा उजेड पडायला लागलाय."

सगळी हयात ज्या बेल्मीरुने पक्षाची पत्रकं चिकटवली, त्याच्याकडे कुस्तोदियु आज पोलिसासारखा बघत होता.

फेलिझबेला मघाशीच आत आली होती. तिने फुलांची टोपली खाली ठेवली.

"भावजी, त्याला नका बोलू. ते मत माझं आहे."

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. बेल्मीरुने चाचपडत खुर्ची ओढली.

"तुझं?"

"मी दर रविवारी चर्चला जाते, ते दिसत नव्हतं का तुला?"

"मला वाटायचं, जातेस चर्चला आणि मत देतेस आम्हाला."

"विचारलंस कधी?"

त्याने विचारलं नव्हतं. मग एकदम काही आठवून तो म्हणाला, "मी सरपंचपदाला उभा होतो, तेव्हा? तेव्हा तरी?"

"तेव्हा चर्चवाल्यांचा उमेदवार नव्हता."

बेल्मीरुच्या जिवात जीव आला.

"म्हणून मी इलारियुला दिलं," ती म्हणाली.

ती निवडणूक बेल्मीरु एका मताने हरला होता. कष्टकरी जनतेने आपल्या मवाळ विचारांना कौल दिला, असं इलारियु तेव्हापासून कॉफीच्या दुकानात सांगत आला होता. आता त्याने टोपी काढून हातात धरली आणि तो टोपीच्या आतच बघत बसला.

"का गं?" बेल्मीरुने विचारलं.

"सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. तू सरपंच झाला असतास तर रोज संध्याकाळी सभा. त्यांना कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नव्हतं."

त्या हिवाळ्यात आईला रोज संध्याकाळी बेल्मीरुनेच वळवलं होतं, हरल्याचा राग गिळत. आई त्याचा हात धरून गेली होती.

फेलिझबेलाने चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि फडताळातून एक पुडा काढला. "देवाच्या मिरवणुकीचे झगे रंगवले, त्यातला रंग उरलाय. चर्चचा आहे. चालेल ना?"

सगळ्यांनी कुस्तोदियुकडे पाहिलं. त्याने पुडा उघडून उजेडात धरला.

"लाल आहे ना?"

"तुमच्यापेक्षा लाल."

कुस्तोदियुने बाह्या सारल्या. बेल्मीरु, फेलिझबेला आणि त्याने मिळून बावटा पातेल्यात बुडवला. इलारियुही ढवळायला लागला, त्याला कुणी अडवलं नाही.

"वहिनी," पाण्यावरची नजर न काढता कुस्तोदियु हळूच म्हणाला, "हे बाहेर कुणाला कळायला नको."

"रंगाचं की मताचं?"

"दोन्ही."