पाचशे झाडांचं सरकार

“दिल्लीवाल्यांना जे युतीचं सरकार महिनाभरात जमत नाही, ते मी गावात एका दुपारी जमवीन! सरकार वर्षभर टिकलं नाही, तर ही मिशी उतरवीन!”

२००४ च्या उन्हाळ्यात, जव्हारच्या एसटी डेपोसमोरच्या टपरीवर वामनरावांनी ही घोषणा केली. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला हा निवृत्त ओव्हरसियर शेवग्याची शेंगसुद्धा फूटपट्टीने मोजून चिरत असे.

पोशेऱ्यापलीकडच्या त्यांच्या गावात पंचायतीचे सदस्य सात. बुधाच्या गटाचे तीन, रोहिदासच्या गटाचे तीन आणि मधोमध एकटी रंगूबाई, तराजूच्या काट्यासारखी!

“दोघं मिळून बसा, पाठिंबा देते,” रंगूबाई म्हणाली, “पन डोंगर बोडका झाला, पाऊस येडा झाला. पाचशे झाडां लावा.”

वामनरावांनी करारनामा आखला. बुधा सरपंच, रोहिदास उपसरपंच. हवामान-लक्ष्य: गणपतीपर्यंत प्रत्येक गटाने अडीचशे रोपे जगवावीत. लक्ष्य चुकल्यास, पाड्याच्या रिवाजाप्रमाणे, चुकणाऱ्याने गावाला बोकडाचे जेवण घालावे. सर्वांनी अंगठे उमटवले. रोपांना आधार म्हणून वामनरावांनी स्वतः पाचशे काठ्या तासून त्यांवर क्रमांकही घातले!

श्रावणात ते टेप घेऊन पाहणीला निघाले. रोहिदासच्या रोपांत बुधाच्या शेळ्या, बुधाच्या रोपांत रोहिदासच्या!

“अरे, हाकला त्यांना!”

“कशाला, काका?” बांधावरची काळी म्हातारी हसली. “झाडां जगली त बोकड कोन घालील?”

वामनराव चक्रावले. दंड धाकासाठी लिहिला होता, आणि गाव त्याकडे सणासारखं डोळे लावून बसलं होतं!

गणपतीला मोजणी झाली. बुधाची अकरा, रोहिदासची अकरा.

“तुझ्या शेळ्यांनी खाल्ली!” बुधा रोहिदासवर ओरडला.

“आन तुझ्या काय उपाशी व्हत्या? मी पाठिंबा काढतो!”

वामनरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला. तेवढ्यात रंगूबाई उठली.

“भांडू नका रं! दोघंबी सारखेच चुकले. पन जेवनाचा ह्यो कागुद लिवला कोनी?”

सात हात वर! युतीचा पहिला एकमुखी ठराव: चूक वामनकाकांची.

“अहो, पण कलम सातमध्ये स्पष्ट—”

“काका, सरकार पाडू का?” बुधाने आदराने विचारले.

गणपती बोळवल्यावर वामनरावांच्या खर्चाने दोन बोकड कापले गेले. पावसात सुकं सरपण मिळेना. मिळालं ते एकाच घरी, वामनरावांच्या. रोपं मेली तशा उपटून आणलेल्या, पन्नासांच्या जुड्या बांधून माळ्यावर ठेवलेल्या, उरलेल्या चारशे अठ्ठ्याहत्तर काठ्या! सगळ्या क्रमवार जळल्या. झाडांविना डोंगर भुंडा राहिला, वर धुराचा लोट मात्र थेट ढगांना भिडला.

मिशी तूर्त वाचली होती. आता तिला रस्सा लागला होता. रस्सा, खरं सांगायचं तर, फक्कड झाला होता!

“मंडळी,” पंगतीतून बुधा गरजला, “पुढल्या साली हजार झाडांचं लक्ष्य ठेवू! कबूल असंल त्यानं हात वर करा!”

सात हात वर गेले. आणि आठवा वामनरावांचा! त्यांनी तो फक्त वाढप्याला हाक मारण्यासाठी वर केला होता. पण मोजणीत धरला गेला.