सकाळी सहाची हजेरी

आमच्या शेजारचे कर्नल माने रोज सकाळी सहाला लेंग्याखाली पॉलिश केलेले बूट चढवतात आणि टीपॉयवरच्या मोबाईलसमोर सावधान उभे राहतात. सोलापुरात विक्षिप्त माणसांचा तुटवडा नाही, पण मोबाईलला एवढा मान देणारा मला तरी दुसरा भेटलेला नाही.

अकादमीतून एकाच दिवशी अधिकारी होऊन बाहेर पडलेल्या त्यांच्या तुकडीतले मोजकेच कोर्समेट आता उरलेत. कोणी डेहराडूनला, कोणी कोचीला. सगळ्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर सहाच्या ठोक्याला प्रत्येकाने 'हजर' लिहायचं. सुट्टी हवी तर आधी अर्ज. एकाने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडा मागितला, तर मानेसाहेबांनी कळवलं, "दुसरा डोळा मोकळा आहे. दोन दिवस मंजूर."

साहेबांची बोटं जाड. एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. म्हणून बटणं दाबायला मी. निवृत्त शाळामास्तर, हजेरीची खोड माझीही सुटलेली नाही. सहाला पाच कमी असताना भिंतीपलीकडून हाक येते, "मास्तर, हाय का न्हाय?" की मी चहा टाकून पळतो. उशिराचं कारण सांगू लागलो तर ते हात वर करतात, "कारणं सिव्हिलियन देतात." "मी सिव्हिलियनच आहे की," असं एकदा म्हणालो. त्या दिवशी त्यांच्याकडचा चहाही बुडाला.

हजेरीत सगळ्यांत ढिला वळसंगचा बसवराज. अकादमीत साहेबांच्या शेजारच्या खाटेवरचा, आता शेतीत रमलेला. सहाला हा गडी मोटार चालू करायला रानात. त्याचं 'हजर' यायचं सव्वासहाला. दंड म्हणून तो शेंगाचटणीचा डबा पाठवायचा. "लई बेशिस्त माणूस, बसू," साहेब डबा उघडत म्हणायचे, "चटणी तेवढी वेळेवर."

गेल्या हिवाळ्यात बसू लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिला. विनाअर्ज तीन दिवस, की ग्रुपबाहेर, हा नियम साहेबांनीच केलेला. "काढा त्याला," ते म्हणाले. मी काढलं. खरं सांगायचं तर मजेत काढलं. "आता बघा, डबा घेऊन पळत येतील," असंही वर बोललो. वळसंग इथून अर्ध्या तासावर. एक फोन करावा, हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दोन दिवसांनी बसूच्या घरून फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या.

"ताप डोक्यात गेला भाऊजी," त्या साहेबांना म्हणाल्या. "तीन दिवस शुद्धच न्हवती बघा. मग जरा डोळं उघडलं, तर पैला मोबाईल मागितला. हजेरी द्यायची म्हणाले. पण लिवायची जागाच दिसंना त्यांना. चष्मा दे म्हणाले, दिला की. तरी दिसंना. नंबर वाढलाय वाटतं, बरं वाटलं की सोलापूरला जाऊन नवा करू म्हणाले."

ग्रुपमधून काढलेल्या माणसाला लिहायची जागाच दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनाही ते कळलं. वहिनींना आम्ही काहीच सांगितलं नाही. परतताना गाडीत साहेब एवढंच म्हणाले, "मास्तर, घाला त्याला परत." मी घातलं. माझीही बोटं तेव्हा जाड झाली होती.

आता कुणाचं 'हजर' राहिलं की साहेब लगेच फोन लावायला सांगतात. काढून टाकायचा नियम गेला. बूट मात्र कायम आहेत.

परवा सहा वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांची हजेरी आली. मी मोबाईल खाली ठेवला.

"झाले साहेब सगळे. बूट काढा आता."

साहेब सावधानच उभे होते.

"थांबा की, मास्तर. अजून सव्वासहा कुटं झालेत? बसू राहिलाय. चष्मा सापडत नसंल त्याला."