डावीकडे कमी भरतंय

सर्वेश परबची जीप डावीकडे जायची. अगदी थोडीशी, पण न चुकता. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल पडला की ती मुलुंडच्या नव्वद फुटी रस्त्यावरच्या फळवाल्याकडे ओढ घ्यायची. फळवालाही आता तिला ओळखायला लागला होता. लांबून दिसली की तो पपयांची टोपली आत घ्यायचा.

जीप जुनी होती, पण फोर बाय फोर होती. घेतल्यावर महिन्याभरात सर्वेशने ती तीन इंच उंच करून घेतली, मोठे टायर बसवले आणि तेव्हापासून हे डावं वेड सुरू झालं. दोनदा व्हील अलाइनमेंट करून झालं. दोन्ही वेळा कॉम्प्युटरने छापील कागद दिला. त्यावर सगळे आकडे हिरव्या रंगात होते, म्हणजे सगळं बरोबर होतं. कागद खिशात घालून सर्वेश निघायचा आणि जीप पहिल्याच वळणाआधी डावीकडे जायची.

शेवटी शुक्रवारी जेवताना त्याची बायको अपूर्वा म्हणाली, "हे बघ, उद्यापर्यंत सरळ चालली तर ठीक. नाहीतर रविवारी फोटो काढून विकायला टाकते. तुझ्या शेजारी बसून माझी मान कायमची उजवीकडे वळलीये."

सर्वेशचा घास हातातच राहिला. जीप म्हणजे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं.

त्याचे वडील दशरथ परब हे सगळं ऐकत होते. त्यांनी विक्रोळीच्या एका टूलरूममध्ये चौतीस वर्षं टर्नर म्हणून काढली होती. केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळावा अशी त्यांची नोकरी. पण सर्वेशने त्यांना जीपला हात लावायला सक्त मनाई केली होती. "बाबा, ते लेझरचं काम आहे. तुमच्या पट्टीचं नाही."

दशरथांना अपमानापेक्षा प्रश्नाने जास्त छळलं. सगळं बरोबर असेल तर गाडी डावीकडे का जाते? रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. शनिवारी सकाळी सर्वेश आणि अपूर्वा बाजारात गेले, आणि पाठोपाठ ते उठले.

"अगो, सुतळी खंय ठेवलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कशाक व्हयी?" वनमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"जीप बांधूक."

"पळता की काय ती?"

"तोच तर त्रास आसा. सरळ पळत नाय."

सुतळी, टेप, खडू आणि ओळंबा घेऊन ते खाली उतरले. सोसायटीच्या दोन विंग, मधून गेटपर्यंत सरळ सिमेंटचा रस्ता. मागच्या भिंतीशी जीप उभी होती, तोंड गेटकडे. तिच्या उजव्या हाताला ए विंग, डाव्या हाताला बी विंग.

आधी त्यांनी जीपच्या दोन्ही अंगांनी सुतळी ताणली. टोकं बांधायला घरातली चार स्टुलं आणली. चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर फुल्या मारल्या. मग त्यांच्या मनात आलं, दुरुस्ती झालीच तर गाडी सरळ चालते की नाही हे कळायला नको? म्हणून त्यांनी भिंतीपासून थेट गेटपर्यंत खडूची एक लांबलचक रेघ ओढली आणि दर मीटरला आकडा घातला.

पहिल्या मजल्यावरच्या रश्मीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "परबकाका, काय मोजताय?"

दशरथांच्या दातांत खडू होता आणि डोळा टेपवर. मागच्या फुलीपासून पुढच्या फुलीपर्यंतचं अंतर ते दुसऱ्यांदा मोजत होते आणि जे दिसत होतं त्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"डावीकडे कमी भरतंय," ते खडूतूनच पुटपुटले.

रश्मी खिडकीतून नाहीशी झाली. आता सोसायटीत दोन वर्षं एकच विषय धुमसत होता: इमारत पाडून नवी बांधायची की नाही, आणि बांधली तर कोणाला किती जागा. रश्मीने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "मोजणी सुरू झाली आहे. गेटपर्यंत रेघ मारली. डावीकडे कमी भरतंय."

डावीकडे म्हणजे बी विंग.

पाच मिनिटांत बी विंग खाली उतरली. एका बाईंच्या हातात थालीपीठ उलटायचा कालथा तसाच होता. त्यांच्यामागून सेक्रेटरी अनंत राजाध्यक्ष फाईल काखेत घेऊन धावत आले.

"परब, हा सर्व्हे कोणाच्या परवानगीने चाललाय?"

"कसला सर्व्हे?"

"मग ह्या सुतळ्या? हे आकडे? ही रेघ?"

"जीपची चाकं मोजतोय," दशरथ म्हणाले.

"चाकं!" कालथावाल्या बाई कडाडल्या. "चाकं मोजायला गेटपर्यंत रेघ लागते? आम्हाला काय येडं समजता? बिल्डरने ए विंगचा माणूस फोडलाय, दुसरं काय!"

ए विंगमधून कोणीतरी ओरडलं, "तोंड सांभाळून बोला!" झालं, दोन्ही विंग रेघेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. राजाध्यक्षांनी फाईलमधून इमारतीचा नकाशा काढला, तो चार जणांनी चार कोपऱ्यांतून ओढला आणि मधोमध टर्रकन फाटला.

तेवढ्यात बी विंगच्या उत्तरा मॅडम पुढे आल्या. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवलेली बाई. "भांडू नका," त्या म्हणाल्या. "परब, तुमचं मोजमाप माझ्यासमोर परत करा. टेपचं दुसरं टोक मी धरते."

दशरथांना तेच हवं होतं. सकाळपासून दुसऱ्या टोकाला वीट ठेवून ते कंटाळले होते.

"उजवं मागचं चाक ते उजवं पुढचं," त्यांनी टेप ताणला. "किती?"

मॅडमनी चष्मा खाली ओढला. "दोन हजार चारशे अकरा मिलीमीटर."

"आता डावं."

"दोन हजार तीनशे..." मॅडम थांबल्या. वाकून पुन्हा बघितलं. "सत्त्याण्णव. अहो, चौदा मिलीमीटर कमी!"

"तेच तर मी मघापासून सांगतोय. डावीकडे कमी भरतंय."

"म्हणजे हे खरंच जीपचं आहे?"

"नाहीतर कोणाचं?"

बी विंगने सुस्कारा सोडला. खरं तर आता सगळ्यांनी घरी जायला हरकत नव्हती. पण कोणीच हललं नाही. कालथावाल्या बाईंनीच विचारलं, "पण मग ते मशीन बरोबर कसं म्हणालं?"

"मशीनने पुढची दोन चाकं एकमेकांशी जुळवली," दशरथ म्हणाले. "ती जुळलेलीच आहेत. पण दोन्ही मिळून तिरकी बसलीयेत, हे मागच्या चाकांना विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"कर्ण मोजा," उत्तरा मॅडम उत्साहाने म्हणाल्या. "आयत तिरका असेल तर कर्ण सारखे येणार नाहीत."

कर्ण मोजले. सारखे आले नाहीत. मॅडमच्या चेहऱ्यावर वर्गातलं कार्टं पहिल्यांदा पास झाल्याचा आनंद पसरला.

दशरथ जीपखाली शिरले. गाडी उंच केली तेव्हा पुढचा एक्सल धरायला दोन नवे दांडे बसवले होते, फिरवून लांबी कमीजास्त करता येणारे. डावा दांडा तोकडा राहून गेला होता. राजाध्यक्षांनी फाटका नकाशा खाली अंथरायला दिला, कोणीतरी जॅक आणला, कोणी पान्हा. नट हलेना. मग बी विंगचे दोघे आणि ए विंगचा एक असे तिघे पान्ह्याला लोंबकळले.

नेमके तेव्हाच सर्वेश आणि अपूर्वा भाजीच्या पिशव्या घेऊन गेटमधून आत शिरले. समोर पंचवीस माणसं जीपभोवती गोळा, जमिनीवर खडूच्या फुल्या, आणि जीपखालून बाहेर आलेले वडिलांचे दोन पाय.

"बाबा!" सर्वेशने पिशवी टाकली. टोमॅटो घरंगळले. "बाबांना काय झालं?"

पाय हलले. "काय होतंय मला?" खालून आवाज आला. "जरा टॉर्च दे."

सर्वेशचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तापला. "तुम्हाला सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? वाट लावलीत ना गाडीची?"

"शू!" उत्तरा मॅडमनी त्याला दटावलं. "मोजणी चालू आहे."

पाऊण तासाने दोन्ही बाजूंचे आकडे तंतोतंत एक आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दशरथ ग्रीसने माखलेले हात पुसत म्हणाले, "चालव आता. रेघ दोन्ही चाकांच्या मधोमध राहू दे."

सर्वेश नाइलाजाने बसला. जीप सुरू झाली. पाच मीटर गेली आणि डौलात उजवीकडे वळून राजाध्यक्षांच्या स्कूटरपासून वीतभर अंतरावर थांबली.

"आता आमच्यावर!" ए विंग ओरडली.

दशरथ वरमले. पुन्हा टेप, पुन्हा मॅडम, पुन्हा तेच आकडे. चूक नव्हती. सर्वेशने पुन्हा चालवली. पुन्हा उजवीकडे. दशरथ रेघेवर उकिडवे बसून बघत राहिले, आणि या वेळी त्यांची नजर चाकांवरून वर सरकली. काचेतून त्यांना सर्वेशचे हात दिसले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तू जरा चालवतेस?"

"मी? मी हिला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

"म्हणूनच."

अपूर्वा चढून बसली. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि क्लच सोडला. जीप खडूच्या रेघेवरून दोरीत ओवल्यासारखी सरळ गेटपर्यंत गेली. एकच गलका झाला. पण जीप थांबली नाही. ती गेटबाहेर पडली, सरळच, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

सर्वेश आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभा होता. सहा महिने त्याच्या नकळत ते गाडीला उजवीकडे ओढायला शिकले होते.

अर्ध्या तासाने त्याचा फोन वाजला.

"ऐक ना, मी ठाण्याच्या पुढे आलेय," अपूर्वा हसत होती. "झकास चालतेय यार! हात सोडला तरी हलत नाही. आई-बाबांना तयार राहायला सांग, आता येऊन घेऊन जाते, येऊरच्या डोंगरात फिरवून आणते."

"आणि मी?"

"तू पण ये ना. मागे बस," ती म्हणाली. "आणि हात मांडीवर ठेव."