उजवा दबलाय

"उजवा दबलाय," दोन स्पीकरसमोर बसलेल्या महारुद्रने डोळे मिटूनच निकाल दिला, आणि खोलीतले बाकीचे दोघे एकमेकांकडे बघू लागले.

सिरसाळ्यात महारुद्रचं हार्डवेअरचं दुकान, आणि दुकानावरच्या माडीत दर रविवारी सकाळी गाणं ऐकायची बैठक. युवराज सर शाळेत भूगोल शिकवत आणि घरी हेडफोन जमवत. उत्तरेश्वरला कॅमेऱ्याचा नाद. तो गाण्यापेक्षा गाणं ऐकणाऱ्यांचे फोटो जास्त काढी. चौथा इरशाद, बाजारात रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, महारुद्रचा पहिलीपासूनचा दोस्त. आज तोच नव्हता. त्याच्या बहिणीचं, समिनाचं लग्न परवाच झालं होतं आणि घर अजून पाहुण्यांनी भरलेलं होतं. लग्नाच्या धांदलीतच त्याने महारुद्रचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून पाठवला होता.

महारुद्रचा कान सगळ्या तालुक्यात नावाजलेला आहे, असं महारुद्रच सांगे. नुसती तार बदलली तरी आपल्याला कळतं, हा त्याचा दावा. त्यामुळे त्याला ऐकू आलं ते आपल्याला आलं नाही, असं म्हणायची त्या माडीत कुणाची छाती नव्हती.

"जरा जड वाटतंय खरं उजवीकडं," युवराज सर म्हणाले. त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

"जरा न्हाई सर, लई," उत्तरेश्वरने री ओढली.

महारुद्र उगाच आरोप करणारा माणूस नव्हता. त्याने आधी तारा बदलून पाहिल्या. उजवा दबलेलाच. मग घाम गाळत दोन्ही स्पीकर इकडचा तिकडे, तिकडचा इकडे केला. तरी उजवाच दबलेला. स्पीकर निर्दोष, तारा निर्दोष, म्हणजे राहिला ॲम्प्लिफायर. हिशेब अगदी चोख होता. एकच गोष्ट त्याने फिरवून पाहिली नाही, ती म्हणजे स्वतःचं तोंड.

रागाच्या भरात त्याने 'सूरसंगत' या त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'दोस्त म्हणून कुणाच्याही हातात वस्तू देऊ नये. अनुभव आला.' ग्रुपात परळी, अंबाजोगाई, माजलगावची मिळून शंभर माणसं. जिल्ह्यात कुणाचंही मशीन बिघडलं की ती इरशादचंच नाव सांगत.

दुपारीच इरशाद धावत आला. हाताची मेंदी अजून लालभडक होती.

"काय झालं बे? मी सोता वाजवून बघितलं व्हतं."

"बघितलं असशील. पर ध्यान लग्नात व्हतं तुझं."

"उजवा दबलाय?"

"या दोघांना इचार."

दोघांनी माना डोलावल्या. इरशादने ॲम्प्लिफायर उचलला आणि निघून गेला. तीन रविवारांत तो तीनदा दुरुस्त होऊन आला आणि तीनदा परत गेला. तिसऱ्यांदा नेताना इरशाद एवढंच म्हणाला, "माझे हातच खराब झाले असतील, महारुद्र." संध्याकाळी ग्रुपवर ओळ उमटली: इरशादने ग्रुप सोडला. महारुद्रला जरा चरकल्यासारखं झालं, पण कान तो कान.

इकडे घरात बायकोची, जगदेवीची वेगळीच तक्रार होती. "आवो, तुमचं समिनाच्या लग्नातलं जाकीट दोनदा धुतलं. तरी तुमच्या अंगाला अत्तराचा वास येतोयच."

"हं?"

"आन् हाक मारली की 'हं' कावून करताय सारखं?"

एके दिवशी माडी झाडताना तिने खुर्ची उलट्या तोंडाने ठेवली. महारुद्र तसाच पाठमोरा बसला आणि ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून विरंगुळ्याला दोन स्पीकरचा जुना टेप लावला. अन् काय आश्चर्य! आता डावा स्पीकर दबला होता. तो उठला, खुर्ची सरळ केली. उजवा दबला. पुन्हा उलटी केली. डावा. मग त्याने हळूच एक बोट डाव्या कानात घातलं, आणि टेप जवळजवळ बंदच झाला. तो तडक परळीला निघाला.

परळीच्या डॉक्टरांनी चिमट्याने उजव्या कानातून कापसाची काळपट गोळी काढली. खोलीभर हिना अत्तराचा वास सुटला.

तेव्हा महारुद्रला सगळं आठवलं. लग्नात इरशादचे वडील रहमतुल्लाचाचा यांनी मानाने, स्वतःच्या हाताने अत्तराचा फाया त्याच्या कानाच्या पाळीत खोचला होता. एवढा मान जेवणाच्या गर्दीत पडू नये, म्हणून त्यानेच तो बोटाने नीट आत ढकलला होता. लाजेने त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवारी तो युवराज सर आणि उत्तरेश्वरला घेऊन इरशादच्या दुकानात गेला. रहमतुल्लाचाचा तिथेच स्टुलावर बसले होते. महारुद्रने खिशातून कुंकवाची डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. आतली गोळी बघताना त्याला मान वर करवेना.

"हे माझ्या कानात व्हतं. उजव्या."

इरशादने डबी नाकाला लावली. "अब्बांचा हिना!"

"महिनाभर टिकला?" चाचांचा चेहरा अभिमानाने फुलला. "बघ, अस्सल माल. पर बेटा, पाळीत ठिवायचा असतो, आत न्हाई."

"तुझा कान बंद व्हता, मानलं," इरशाद बाकीच्या दोघांकडे वळला. "यांचे कावून बंद व्हते?"

उत्तरेश्वर कॅमेऱ्याची काच पुसू लागला. युवराज सर म्हणाले, "खरं सांगू इरशादभाई? मला फरक कधी कळलाच न्हाई. कुठलाच."

महारुद्रने तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं, 'ॲम्प्लिफायर ठणठणीत होता. माझ्या कानात कापूस होता. इरशादची माफी मागतो.' इरशादने महारुद्रच्याच फोनवर ते वाचलं आणि ॲम्प्लिफायर चालू केला. सनई दुकानभर पसरली.

"आता कसा वाटतोय?"

महारुद्रने ऐकलं. महिन्यानंतर दोन्ही कानांनी ऐकलं, आणि त्याला घाम फुटला. डावा साफ दबला होता. पण आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"झकास. अगदी बराबर."

"खोटं बोलायलास," इरशाद म्हणाला. "तुझ्यापायी मी उजव्याचा आवाज तीनदा चढवलाय. डावा दबणारच. गप बसायचं तवा बोललास, आन् बोलायचं तवा गप बसलास."

महारुद्रचे दोन्ही कान लाल झाले. खाली बघत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "डावा दबलाय."

इरशादने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "हां," तो म्हणाला, "आता तुला ऐकू यायलंय."