बिजलीची हायड्रोथेरपी

तोंडात घास असताना शब्द देऊ नये. शिवरुद्रअप्पांनी तो दिला, म्हणून गंगाखेडच्या एका कॉलेजातला हा अब्रूदार हेडक्लार्क भर लग्नसराईत नदीत उभा राहिला.

झालं असं की सेलूहून मेहुण्याचा, म्हणजे विरेशचा, फोन आला. विरेश लग्नात नवरदेवासाठी घोडी देतो. त्याची पांढरी घोडी बिजली डीजेपुढं नाचता नाचता खड्ड्यात अडखळली आणि पुढच्या पायाची शीर ताणून घेतली. (नाव बिजली, चाल मात्र आता लोडशेडिंगची.) जनावरांच्या डॉक्टर अपेक्षा मॅडमनी हायड्रोथेरपी सांगितली: सकाळ-संध्याकाळ अर्धा तास घोडीला वाहत्या गार पाण्यात गुडघाभर उभं करायचं. सूज उतरते, पायावरचा भारही हलका होतो.

"पण दाजी, आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतो. माणसालाच पाणी न्हाई, घोडीला कुठून आणू?"

अप्पांच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि समोर त्रिवेणीबाई कान देऊन बसल्या होत्या. बायकोच्या देखत मेहुण्याला नाही म्हणणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

"दे की पाठवून," अप्पा म्हणाले. "गोदावरी काय माझ्या बापाची हाय का?"

त्यांना वाटलं, घोडीबरोबर माणूस येईल. टेम्पोत बिजली होती, कडबा होता, माणूस नव्हता. "सीझन हाय दाजी," विरेश फोनवर म्हणाला, "माणूस कुठला देऊ?"

अप्पांनी जन्मात शेळीसुद्धा धरली नव्हती. सकाळी दोर हाताला गुंडाळून ते घाटावर निघाले. बघणाऱ्याला घोडीच त्यांना फिरायला नेतेय असं वाटत होतं. पाण्याच्या काठाशी बिजली थांबली. ओढलं, हलली नाही. गूळ दाखवला, गूळ खाल्ला, हलली नाही. शेवटी पँट दुमडून अप्पा स्वतः पाण्यात उतरले, तशी ती निमूट मागं आली आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. ते बाहेर निघाले की तीही बाहेर. म्हणजे पाय एकीचा दुखणार आणि पाण्यात दोघं.

घाटावर रोज स्नानाला येणाऱ्या कुसुमबाईंना चार दिवसांनी राहवलं नाही.

"नवस हाय का अप्पा?"

"न्हाई. हायड्रोथेरपी हाय."

"हैद्राबादची?"

"हैद्राबाद न्हाई, हायड्रो. पायाला लय आराम पडायलाय."

"पायाला काय झालतं?"

"बिजलीमुळं चालू हाय हे सगळं," अप्पा वैतागून म्हणाले.

कुसुमबाईंनी हळहळून मान हलवली. दुपारपर्यंत गावात बातमी पोचली की हेडक्लार्क अप्पांना विजेचा शॉक लागून पाय गेले, हैद्राबादच्या डॉक्टरनं पाण्यात उभं राहायला सांगितलंय आणि आधाराला घोडी दिलीय.

संध्याकाळी लोक शहाळी घेऊन घरी आले. "आवो, तुमचे पाय गेले म्हणतेत," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "मला तर सांगायचं."

"पाय हायत. शहाळी ठेवून घे."

दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीचे तीन पेन्शनर धोतर खोचून घोडीच्या शेजारी पाण्यात येऊन उभे राहिले. अप्पांनी समजावणं सोडून दिलं.

बिजलीचा पाय मात्र खरोखर बरा झाला. अपेक्षा मॅडमनी येऊन शीर चाचपली, चालवून पाहिलं आणि परवानगी दिली: चालू द्या, नाचवू नका. योगायोगानं पहिलं लग्न गंगाखेडचंच निघालं. माधवराव वकिलांचा मुलगा नचिकेत, मुहूर्त गोरज. विरेश आला, त्यानं लगाम धरला, आणि बिजली जागची हलेना. अप्पा पुढं आले तशी चालू लागली. त्रिवेणीबाईंनी मग नवऱ्याला फेटा बांधला, नवं जाकीट घातलं आणि मिरवणुकीच्या पुढं उभं केलं. खरं सांगायचं तर अप्पांना ते आवडलं.

मारुतीचं दर्शन होईपर्यंत सगळं झकास होतं. तिथून मंडप डावीकडं आणि घाट उजवीकडं. उन्हं कलली होती. ही बिजलीच्या थेरपीची वेळ. ती उजवीकडं वळली.

"दाजी, वळवा की तिला."

"वळवायलोय. ती मला वळवायलीय."

काठाशी आल्यावर अप्पांनी पाय रोवले. आपण उतरलो नाही तर ती उतरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बिजलीलाही ठाऊक होतं. तिनं कपाळानं त्यांच्या पाठीत एक ढुशी दिली, अप्पा फेट्यासकट पाण्यात गेले, आणि ती नवरदेवाला घेऊन सावकाश त्यांच्या मागोमाग उतरली. बँडवाले पायऱ्यांवर उभे राहून वाजवत राहिले.

"काका," वरून नचिकेतनं विचारलं, "ही कधी निघणार?"

"अर्ध्या तासानं."

"आणि मुहूर्त?"

"तो त्याच्या आधी हाय."

मग माधवरावांनी मंडपात फोन लावला. नवरी मधुवंती शालू सावरत घाटाच्या खालच्या पायरीवर आली. एका बाजूनं विरेशनं आणि दुसऱ्या बाजूनं नखशिखांत भिजलेल्या अप्पांनी अंतरपाट धरला, गुरुजींनी बँडच्या माइकवर मंगलाष्टकं म्हटली, आणि घोडीवर बसल्या बसल्या नचिकेतचं लग्न लागलं. अर्धा तास भरला तशी बिजली आपली आपण बाहेर आली.

चार दिवस अप्पा सर्दीनं अंथरुणात होते, पण आत कुठंतरी सुखावले होते. लग्नाचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला होता. विरेशला फोनवर फोन येत होते. ज्याला त्याला नदीतलं लग्न हवं होतं, आणि पुढं तो फेटेवाला माणूसही. आता कुणी विनवलं तर थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग हो म्हणायचं, असं अप्पांनी ठरवलं.

बाहेरच्या खोलीत विरेश मानवतच्या पार्टीशी बोलत होता. अप्पांनी पांघरुणातून कान बाहेर काढला.

"घोडीचं भाडं वेगळं, बँडचं वेगळं," विरेश सांगत होता. "पाण्यात पुढं उभा राहतो तो? त्याचं काई न्हाई. ते आमचे दाजी हायत, घोडीवर फ्री येतेत."