बर्टसाहेबांचा मतदारसंघ

बर्टसाहेब लिफ्टमध्ये शिरले की आधी सगळ्यांशी हस्तांदोलन करत आणि मग मजल्याचं बटण दाबत. तोवर लिफ्ट भलत्याच मजल्यावर पोचलेली असे.

सौदीतल्या दम्मामच्या एका इस्पितळात ते जनरेटर सांभाळत, मी लॅबमध्ये होतो. त्याआधी कॅनडातल्या एका प्रांताच्या विधानसभेला ते पाच वेळा उभे राहिले होते. एकदा निवडून आले, चारदा पडले.

"पडलो नाही," ते म्हणत, "लोकांनी विचार करायला वेळ मागितला."

आमच्या किचनमधले खेडचे रज्जाकभाई मला विचारायचे, "हितं मतदान नाय, पेटी नाय. ह्यो बाबा हात कसले मिळवतोय?"

मग कुवेतची लढाई आमच्या डोक्यावर आली. सायरन वाजू लागले. डॉक्टर-नर्सेसना गॅस मास्क मिळाले. किचनवाल्यांना आणि सफाईवाल्यांना नाही. "त्यांचं त्यांचा कफील बघेल," व्यवस्थापक म्हणाले. कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा, तो मालक.

सगळ्यांना मास्क हवेत या मागणीवर सह्या घ्यायला बर्टसाहेब वही घेऊन कामगारांच्या खोल्यांवर दारोदार फिरले. दुभाषा म्हणून मी बरोबर. सही करताना रज्जाकभाईंचा हात थांबला. "साहेब, पासपोर्ट कफील के पास है. नौकरी खलास हो जाएगी."

बर्टसाहेबांनी वही मागून घेतली आणि सगळ्यांच्या वर स्वतःची सही ठोकली. "आता आधी माझी जाईल."

वही घेऊन ते व्यवस्थापकांच्या दाराशी बसले. मधेच जनरेटर बघून येत, पुन्हा बसत. करार रद्द करायची धमकी मिळाली, तरी हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्कची खोकी किचनमध्ये आली. त्या दुपारची डाळ रज्जाकभाईंनी मास्क चढवूनच ढवळली. मीठ विसरले.

मी साहेबांना विचारलं, "घरी काळजीत असतील. फोन केलात?"

"एक मुलगी आहे," ते म्हणाले. "शेवटच्या निवडणुकीत तिने माझ्याविरुद्धच्या उमेदवाराचा प्रचार केला. तेव्हापासून बोलणं नाही."

"पण का?"

"ती लहान असताना मी सगळ्या गावाच्या घरी जात होतो. आमच्या घरी फक्त झोपायला."

रज्जाकभाईंनी आणि मी त्यांना टेलिफोन केबिनच्या रांगेत उभं केलं. दोनदा ते रांग सोडून निघाले. दोनदा धरून आणले. नंबर लागला. पलीकडून आवाज आला असावा, कारण साहेबांनी काचेला डोकं टेकून डोळे मिटले. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मधूनच "हो" म्हणत, एवढंच.

मागची माणसं घाई करत कुरकुरू लागली, "यल्ला, यल्ला!"

रज्जाकभाई गर्रकन वळले. "चुप! साहेब की बेटी बोल रही है."